नौका पाण्यात गेली की सांगतो

दादा, आबांनी जामखेडच्या अंगाला इतक्या विहिरी पाडल्या, पण आपल्या दारात विहीर नव्हती. विहिरीला आधी जमीन लागते. आई दुसऱ्याच्या काठावर, म्हणजे आबांनीच सुरुंग लावून फोडलेल्या विहिरीच्या काठावर, घागर घेऊन उभी राहायची आणि मालकीण विचारायची, "एकच नेणार ना गं?" तू त्या बाईकडे असा बघायचास की मी तुझा हात धरून ठेवायची. सणाला पोरी अखंड खणाची चोळी घालायच्या. माझ्या चोळीला पाठीवर मधोमध शिवण असायची, दोन तुकडे जोडलेली. पोरी म्हणायच्या, "सुमीची चोळी चिंध्यांची." मी घरी येऊन रडले की आई म्हणायची, "घाल मुकाट्यानं. चांगली हाय."

सुरुंगांनी आबांचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. मग आपल्या घरात सगळे ओरडून बोलायला लागले, आणि जे ओरडून सांगता येत नाही ते कोणी कोणाला सांगेनासं झालं.

एक गोष्ट तर कधीच कोणी सांगितली नाही. नव्या खड्ड्यात पहिला सुरुंग भरायच्या दिवशी आई तांबडं फुटताना एकटी तिकडे जायची. पदराखाली काहीतरी झाकलेलं असायचं. परत आली की विहिरीला पाणी लागेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द नाही, आणि पाणी लागेस्तोवर विचारायचं माझ्याच ध्यानातून गेलेलं असायचं. मी एकदा विचारलं, "आई, तिथं काय ठेवलंस?" तर तिनं माझ्या तोंडावर हात दाबला, चांगला जोरात. तू शेजारी बसून भाकरी खात होतास आणि तू मान वर केली नाहीस. तेव्हापासून मला तुमचा संशय. तुम्हा दोघांना काहीतरी माहीत होतं आणि मला ते सांगायचं नव्हतं.

तू गेल्यावर लोक येतात आणि म्हणतात, भानुदास भोळा होता. मी ऐकून घेते. तू भोळा नव्हतास. तू तोंड बंद ठेवण्यात पटाईत होतास, आणि या दोन गोष्टींत फरक आहे, हे मला बी. ए.ला शिकवावं लागलं नाही.

बी. ए. म्हटलं म्हणून सांगते. आपल्या वाडीतली मी पहिली पदवीधर, आणि घराण्यातली तर पहिलीच. हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. आणि ते कोणामुळे, तेही सांगते. तू नगरला एका कारखान्यात लागला होतास. विहिरीतला डबर वर ओढायच्या याऱ्या तिथे बनायच्या. तिथे तू वेल्डिंग शिकलास. माझी मॅट्रिक झाली तेव्हा मामांनी स्थळ आणलं होतं. तू नगरहून आलास, आबांसमोर बसलास आणि हातांनीच खुणा केल्यास: हिला पुस्तक, स्थळ नंतर. आबांनी बराच वेळ तुझ्या हातांकडे बघितलं. ठिणग्यांनी मनगटापर्यंत काळे ठिपके पडले होते. मग त्यांनी मान हलवली. मामा म्हणाले, "भैऱ्याला काय कळलं?" तू म्हणालास, "तुमच्यापरीस जास्त कळतं त्यास्नी."

कॉलेजात नाव घालायला तू आलास तो कारखान्याच्या कपड्यांतच. कारकुनानं विचारलं, "पालक कुठे आहेत?" तू म्हणालास, "हा काय, हुबा हाय." मला त्या दिवशी पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं होतं. आज त्या कारकुनाची खुर्ची मला दिली तरी मी तुझ्या जागी उभं राहायला तयार आहे.

मग तू मुंबईला गेलास, गोदीत. आणि तिथून माझा संशय वाढत गेला.

पहिल्या सुट्टीत तू आबांना ट्रान्झिस्टर आणलास. बहिऱ्या माणसाला! वाडीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "भैऱ्याला रेडू? माल कंचा म्हनायचा, भाईरचा का?" पारावर हसत होते. आबा तो डबा जबड्याला लावून बसायचे. कानानं नाही, हाडानं ऐकायचे, आणि पोवाडा लागला की त्यांचा पाय हलायचा. मी ते बघून रडले, हे खरं. पण रडून झाल्यावर मी डबा उलटा करून बघितला. त्यावरची अक्षरं आपल्या देशातली नव्हती.

"कुठून आणलास?"

"घेतला."

"कोणाकडून?"

"सुमे, कॉलेजात हेच शिकवत्यात का, प्रश्न इचारायला?"

"हेच शिकवतात."

तू हसून उठून गेलास. दादा, त्या ट्रान्झिस्टरचं मला आजही पटलेलं नाही.

तू काय काम करतोस तेही नीट सांगायचा नाहीस. सरकारी काम आहे, बोलायचं नाही, सही करून दिलीय. एवढंच. शेवटी दिवाळीत आई मागे लागली तेव्हा तू चुलीपुढची काठवट हातात घेतलीस. म्हणालास, "नाव म्हंजे अशी. पन पोटात कप्पे. एका कप्प्यात पानी शिरलं तरी बाकीचे कोरडे, म्हंजी नाव बुडत न्हाई. एका नकाशावरून तीन नावा बांधायच्यात. आमी पयलीवर हाय. हे पुढचं टोक, ह्याला तिकडं नाळ म्हनत्यात. हितले सांधे माझे."

"मासं धरायला?" आईनं विचारलं.

"मासं न्हाई गं. पहाऱ्याला. चोरटं सोनं, घड्याळं घिऊन होड्या येत्यात, त्यांच्या पाठी लागायला. आतापतूर किनाऱ्याजवळच फिरायचे. ह्या नावा लांब जातील, खोल पान्यात, आन् आठ-आठ दिस तितंच ऱ्हातील. पुढं पहाऱ्याची येगळी फौजच करनार हायेत म्हनं."

मी मध्येच बोलले. कॉलेजच्या वाचनालयात मी रोज पेपर वाचत होते. "सरकारी बोटी चोरांच्या मागे पोचतच नाहीत, असं पेपरात येतं. मुद्दाम तशा बांधतात की काय?"

तुझा चेहरा उतरला. "पेपरवाल्याला म्हनावं, ये. वाकून एक सांधा मारून दाखव."

"मी विचारलं ते सांग ना."

"सुमे, माझ्या सांध्यातनं पानी यायचं न्हाई. पुढं नाव कोन चालिवतो, कोन कुनाला सोडून देतो, ते मला काय ठावं?"

हा आपला वाद तिथेच राहिला. मी तुला अर्धवट उत्तराचे मार्क दिले होते. आज दोन-चार जास्त देईन.

पण त्या दिवशी आपण दोघं भांडत असताना आईचं लक्ष आपल्याकडे नव्हतं. ती काठवटीकडे बघत होती. "आठ दिस पान्यातच? वस्तीला भाईर येत न्हाईत?"

"न्हाई."

"आबा ईरीत उतरले तर दिस मावळायच्या आत वर येत्यात. पान्याच्या पोटात मानसं निजवायची, आन् पान्याला इचारायचं बी न्हाई?"

तू तिच्याकडे बघितलंस. ती तुझ्याकडे. मी ते बघितलं, आणि मला काही कळलं नाही. तू परत गेलास त्यानंतर आठवड्यानं माझ्या ध्यानात आलं, की आईच्या मंगळसूत्रात सोन्याच्या मण्याच्या जागी काचेचा मणी आहे. विचारलं तर म्हणाली, "पडला कुठं तरी." पडलेल्या मण्याच्या जागी नवा मणी इतका बेताचा ओवलेला नसतो. मी सरळ हिशेब लावला: दादानं नेला. मुंबईला कसलं तरी व्यसन लागलं असणार.

काही महिन्यांनी जीप आली.

आपल्या वाडीत जीप म्हणजे एक तर दुष्काळी कामाचा साहेब, नाही तर पोलीस. हे चौकशीचे साहेब होते, गोदीकडून आलेले. आईला ओट्यावर बसवून त्यांनी विचारलं, "दिवाळीला मुलगा आला होता, तेव्हा घरून काही वस्तू दिली होती का त्याच्याजवळ?"

आई म्हणाली, "भाकरी दिली. शेंगदान्याची चटनी दिली."

"आणखी?"

"आनखी काय असतंय आमच्यात, सायेब?"

"सोनं?"

आईनं पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला. "न्हाई."

मग साहेबांनी मला बाजूला घेतलं. शिकलेली म्हणून. पहिल्या नौकेच्या नाळेतल्या एका बंद कप्प्यात पुडकं सापडलं होतं. गळती तपासायला कप्प्यात पाणी भरलं, तर ते तरंगत वर आलं. त्यात सोनं होतं. कप्पा भानुदासनं जोडलेला. पुडकं आपलंच म्हणतो, पण ते का ठेवलं हे सांगत नाही. "चोरटं सोनं पकडणाऱ्या नौकेच्याच पोटात सोनं. तुम्हीच सांगा, बाई, आम्ही काय समजायचं?"

मी काय सांगणार? पेपरात वाचलेल्या सोन्याच्या विटा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. साहेबांच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते. आणि त्यांच्या जागी नसतानाही मी तेच समजले.

जीप गेली आणि वाडी बोलायला लागली. तुझं ठरत आलेलं लग्न खर्ड्याच्या पाहुण्यांनी मोडलं. "आमची पोरगी तुरुंगात डबा घिऊन जायाची न्हाई," असा निरोप आला. दुष्काळी कामावर आई खडी फोडायला बसली की बायका टोपलं जरा लांब सरकवायच्या. ट्रान्झिस्टर आबांनी स्वतःच फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. कानांनी ऐकू येत नव्हतं, पण लोकांची तोंडं त्यांना वाचता येत होती.

मग तू आलास. कामावरून काढलं नव्हतं, पण चौकशी संपेपर्यंत फाटकाच्या आत यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. एसटीतून उतरलास तेव्हा तुझे डोळे पिवळे होते. मी आधी तुझ्या तोंडाजवळ जाऊन वास घेतला. दारूचा नव्हता. तू म्हणालास, "झालं का? आता पानी दे."

संध्याकाळी गोठ्यामागे मी तुला गाठलं.

"पुडक्यात काय होतं?"

"तुला कुनी सांगितलं?"

"जीपवाल्या साहेबांनी. सोनं होतं म्हणे."

"लई हुतं. पोतंभर."

"दादा, चेष्टा पुरे. आईचं तोंड बघवत नाही. एकदा खरं काय ते सांगून टाक."

तू काडीनं मातीत रेघोट्या ओढल्यास. "नाव पान्यात गेली की सांगतो."

"आणि नाही गेली तर?"

"मग सांगून तरी काय उपेग?"

मी म्हणाले, "चोरही असंच बोलतात."

तू काडी टाकलीस आणि घरात गेलास. मी संशय घेतला याचा मला पस्तावा नाही. समोर जे दिसत होतं त्यावर कोणीही डोकं ठिकाणावर असलेलं माणूस संशय घेईल. मला राग येतो तो तुझा. तुला कावीळ झाली होती. आईनं झाडपाला दिला, मग जामखेडच्या डॉक्टरकडे नेलं, मग उशीर झाला होता. शुद्धीत होतास तोवर एकदा तरी सांगायचंस. कानात सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी कान घेऊन तुझ्या उशाशी बसले होते. तू विचारलंस, "दाविदचा काय निरोप आला का?" एवढंच.

दाविद तुझ्या तेराव्याला आला. त्याला सगळे पहिल्यांदाच बघत होते. राहुरीकडचा, ख्रिस्ती घरचा, गोदीत फिटर, मुंबईला तुझ्याच खोलीत राहणारा. जेवायला बसेना. आईपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, भानूला सांगायचं होतं. त्यानंच सांगून ठेवलं होतं, आधी मला कळव म्हणून. पहिली नौका परवा पाण्यात सोडली."

आईनं विचारलं, "टेकली पान्याला?"

"टेकली."

"समदी?"

"समदी, मावशी. मागच्या टोकानं उतरती ती. नाळ सगळ्यात शेवटी पाण्याला लागली. थेंब आत आला नाही."

आई उठली. पाहुणे जेवत होते त्यांच्यामधून गेली, कणगीच्या तळाशी हात घातला आणि एक फडकं काढून आणलं. अर्धा फाडलेला हिरवा खण. तो सगळ्यांसमोर हातात धरून ती इतक्या मोठ्यानं बोलली की आबांनीही वर बघितलं.

"आता बोलते. पुडकं म्या दिलं हुतं. साती आसरांची ओटी. बांगड्या, खोबरं, हळदकुकू, आन् माझ्या गळ्यातला मनी. पान्यात मानूस जानार असंल तर पान्याच्या बायांची ओटी भरायची. अर्धा खण तितं, अर्धा घरात. पानी लागंपतूर त्वांड उघडायचं न्हाई, उघडलं की समदं वाया जातंय. भानूनं उघडलं न्हाई. म्या बी न्हाई."

साती आसरा, विहिरीच्या पाण्यातल्या त्या सात जणी, ज्यांना आपल्याकडे लहानपणापासून भ्यायला शिकवतात. मला त्यांची भीती माहीत होती. त्यांची ओटी माहीत नव्हती.

मी काय विचारलं सांगू? रडले नाही. विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू शिकल्याली. हसली असतीस, न्हाई तर सायबाला सांगून बसली असतीस."

दादा, हसले नसते. पण साहेबांना सांगितलं असतं, त्याच दिवशी, जीप उभी असतानाच. तू आणि आईनं मला बरोबर ओळखलं होतं. माझा तुमच्यावर जेवढा संशय होता, तेवढाच तुमचा माझ्यावर होता.

आणि तरीही माझा विश्वास बसेना. मेलेल्या लेकावरचा आळ काढायला आई काहीही बोलेल. मी दाविदला अंगणात नेलं. "पुडक्यात सोनं किती होतं?"

"किती कसलं, ताई? एक मणी. ज्वारीच्या दाण्याएवढा. साहेब म्हणायचे, बांगड्या-खोबरं नुसतं सोंग, मणी हा नमुना असणार, पोतं दुसरीकडे असेल."

"आणि कापड?"

"हिरवं."

मग मी आईला आणि त्या अर्ध्या खणाला घेऊन मुंबई गाठली. दाविद बरोबर होता.

गोदीच्या भिंतीपलीकडे आईनं पहिल्यांदा समुद्र बघितला. पायऱ्या उतरून तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली. "खारं. अशी ईर लागली असती तर आबास्नी मजुरी कुनी दिली नसती." मग हात जोडले. पण फार वेळ नाही. तिचाही त्या पाण्यावर पूर्ण विश्वास बसला नव्हता.

कचेरीत तेच जीपवाले साहेब होते. मी म्हणाले, "पुडकं बाहेर काढा." ते कागद चाळायला लागले. मी म्हणाले, "मी मयताची बहीण, पदवीधर आहे, आणि पुडकं बघितल्याशिवाय उठणार नाही." पुडकं आलं. खण पाण्यानं आणि कुंकवानं डागळलेला, एका कडेला काजळी. आईनं आपला अर्धा त्याच्याशेजारी ठेवला. फाडताना विणीतलं एक फूल मधोमध तुटलं होतं. अर्ध्या पाकळ्या इकडे, अर्ध्या तिकडे. साहेबांनी स्वतःच्या बोटांनी दोन्ही कडा जुळवल्या.

शेजारचा कारकून म्हणाला, "हे नंतर जमवून आणलं नसेल कशावरून?"

मी म्हणाले, "हा प्रश्न मीही विचारला होता. पण पुडकं सापडल्यापासून तुमच्या कुलपात आहे. त्याचा दुसरा तुकडा जामखेडला बसून कसा फाडतात, ते तुम्ही मला दाखवा." आईनं मंगळसूत्र पुढे धरलं. पुडक्यातला मणी साहेबांनी त्यातल्या मण्यांशेजारी ठेवला. एकाच सोनाराच्या हातचे.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमच्या घरी आलो होतो तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

आई म्हणाली, "तवा नाव कोरडी हुती."

साहेबांना ते कळलं नाही. दाविदनं खाली बघितलं. मला कळलं, आणि कळल्याचा मला रागच आला. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यापायी तू फाटकाबाहेर राहिलास.

पुडकं आम्हाला परत दिलं. घरी आल्यावर आईनं दोन्ही तुकडे धुतले, वाळवले आणि सुई-दोरा घेऊन बसली. मधोमध शिवण घातली. मी विचारलं, "हे काय करतेस?"

"पानी लागलं का ईरीच्या काठावरचा तुकडा परत आनायचा, आन् दोन्ही जोडून घरच्या लेकीला चोळी शिवायची. न्हेमीच तर शिवलीय तुला."

माझ्या लहानपणीची प्रत्येक चोळी, दादा. प्रत्येक चोळी म्हणजे आबांच्या पाणी लागलेल्या एकेका विहिरीची. पोरी चिंध्या म्हणायच्या, आणि तू शेजारी उभा राहून सगळं माहीत असून एक शब्द बोलायचा नाहीस. तुला आत्ता धरून हलवावंसं वाटतं.

ट्रान्झिस्टर माळ्यावरून खाली आला आहे. आबा पुन्हा जबड्याला लावून बसतात. तो कुठून आणलास ते तू आता सांगणार नाहीस. मीही विचारायचं सोडणार नाही.

हिरवी चोळी माझ्या अंगावर आहे. दुसऱ्या नौकेचा सांगाडा उभा राहिला आहे, दाविद तिच्यावर आहे, आणि आईनं त्याच्याबरोबर काहीतरी दिलं आहे. काय दिलं ते मी विचारलेलं नाही. तू जोडलेली नौका गस्तीला लागली आहे. तुझ्यावरचा आरोप गोदीनं मागे घेतला आहे, आणि तसं, मी हट्ट धरला म्हणून, आबांना दिसेल अशा मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आहे.